येसबाची मूठ

इंदूर सोडून सांवेर रस्त्याला लागलं
की नदी जिथे कोपर दुमडते,
तिथे आमची प्रयोगशाळा.
भिंती दोन हात जाड, खिडक्या एवढ्याशा,
फ्रीज ठेवायला धड कोपरा नाही.
ही खोली मुळात एका दगडासाठी बांधलेली.

पागेच्या घोड्यांना भरडा लागायचा.
एवढा हरभरा हातजात्यावर कोण भरडणार?
म्हणून बांध घातला, पाट काढला,
पन्हळीतून पाणी सोडलं आडव्या चाकावर,
आणि कुठल्याशा लढाईत उजवा हात ठेवून आलेल्या
येसबा ढमढेऱ्याला सांगितलं,
बस इथे. पोट भर.

पागेचं झालं की गावाचं दळण.
जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात.
इथे जात्यावर पाणी बसलेलं.
बायका रांगेत, हात रिकामे,
त्यांना भांडणं सुचली.
येसबाची मजुरी पायलीमागे एक मूठ,
आणि ती मूठ डावी,
दोन हातांची कामं एकटीने करून
सुपाएवढी झालेली.
गेंदाबाई तोंडावर म्हणाली,
"तोफेचा नेम चुकला, बाबा.
न्यायचा तो हात राहिला."

आमच्याकडे अजून भाजीत तिखट जास्त झालं
की सासूबाई म्हणतात, येसबाची मूठ पडली वाटतं.
कोण येसबा, त्यांना विचारून पाहिलं.
"असेल कुणी आचारी."

मग बाजारात तेलाचं इंजिन आलं,
पुक् पुक् करणारं,
पाण्याची वाट न बघणारं.
येसबाच्या नातवाने वरची तळी विकायला काढली,
गिऱ्हाईक आलं नाही.
जन्मभर टाकीचे घाव सोसले तिने,
देवपण काही आलं नाही,
दाराची पायरी झाली.
रोज सकाळी तिच्यावर मी चपला झटकते.

काही वर्षं गवताची वखार.
दोन वर्षं शाळा, सिंधी मुलांची.
मग वजनमापे खात्याचं कार्यालय,
हा मात्र न्यायच म्हणायचा.
मखमलीच्या पेटीत पितळी वजनं,
दिघे निरीक्षक चिमट्याने उचलायचे,
बोटाचा घाम वजनात धरला जाऊ नये म्हणून.
चुन्याखालून त्यांची पाटी अजून वाचता येते:
कम तोलना अपराध है.

आता आम्ही.
मिलिग्रॅम प्रति लिटर.
शाकिर सकाळी नदी घेऊन येतो, नऊ बाटल्यांत.
इथे धावत शिरायची ती,
आता झाकण लावून, लेबल चिकटवून येते,
आणि टेबलावर गप्प उभी राहते.
विरघळलेला प्राणवायू: शून्य.
शून्य. शून्य.
इतकी वर्षं लिहून
माझं शून्य फार वळणदार झालंय.

नमुना सात: एक पूर्णांक दोन.
पुन्हा केलं. तेच.
शाकिरला परत धाडलं, दुसरी बाटली. तेच.
"कुठून भरलीस?"
"बांध के नीचे से, मैडम. जहाँ पानी गिरता है."

अर्धा ढासळलेला तो बांध,
घोड्यांच्या हरभऱ्यासाठी घातलेला.
त्याच्यावरून पाणी आपटतं, फुटतं,
फुटता फुटता थोडी हवा गिळतं.
चाक कुजून गेलं, पागा मोडली,
आणि इथे दळण चालूच,
कुणी टाकलेलं नाही, कुणी न्यायला येणार नाही.

नदीकाठ सुशोभनाच्या नकाशावर
तो बांध लाल रेघेने खोडलाय. शेजारी लिहिलंय: अडथळा.
आमच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना बोटभर.
मी लिहिलं, बांध काढू नये, कारण
आणि रकाना संपला.

शाकिर डोकावला. "कितना आया सात में?"
उजव्या हातात पेन होतं.
मी डावा हात पुढे केला, मूठ मिटून.
त्याला वाटलं, पोह्यांचे सुट्टे.
"रहने दो मैडम," तो म्हणाला,
"आज मैंने दे दिए."