कडेच्या ओळी

बारा वाण, तीन गावं,
प्रत्येक वाण तीनदा, चार-चार ओळींत.
पाकिटावर नाव नसतं, नुसता आकडा,
कुणाची माया आधीच जडू नये म्हणून.

जांबोटीला मोनाप्पाच्या तांबड्या उतारावर,
जिथं छत्री वाळायला दिवाळी उजाडते.
संकेश्वरला हिरण्यकेशीच्या मळीत,
भरमगोंडांनी ऊस मोडून दिलेल्या वीस गुंठ्यांत.
आणि तेलसंगला,
जिथं ढग येतात, बघतात
अन् विजापूरच्या वाटेला लागतात.

मी वही घेऊन फिरतो.
तुरा कधी आला, केस कधी सुटले,
मधे किती दिवस गेले.
तहानलेल्या मक्याचे केस उशिरा सुटतात,
तोवर तुऱ्याची भुकटी वाऱ्यावर गेलेली असते
आणि कणीस बोळक्या तोंडानं हसतं.

सात नंबर संकेश्वरला एकरी चाळीस क्विंटलच्या वर गेला.
भरमगोंडांनी हात लावून बघितला, बैलाच्या पाठीला लावावा तसा.
तोच सात जांबोटीला एका रात्रीत आडवा,
मुळं चिखलात उघडी,
आणि तेलसंगला कंबरेएवढाच राहिला, शेवटपर्यंत.

अकरा नंबरनं मळीत माझी मान खाली घातली.
पाणी, खत, सगळं पोटभर मिळून
कणीस बोटाएवढं.
पण तेलसंगच्या दुपारी
त्यानं पानं सुरळी करून दम धरला
आणि दिवस कलल्यावर एकेक उलगडली,
दुकानदारानं फळ्या उघडाव्यात तशी.

चार नंबर कुणी बघितलाच नाही.
जांबोटीला चौथा, संकेश्वरला पाचवा, तेलसंगला पुन्हा चौथा.
बेरीज करून तिनानं भागलं
तर चार पहिला.
भरमगोंडांना सांगितलं. त्यांनी पानाची शीर काढता काढता विचारलं,
‘ही सरासरी म्हणजे कुठलं गाव ओ?
तालुका कुठला तिचा?’

तेलसंगला बसलिंगव्वा कणसं कानडीत मोजते,
मी वहीत मराठीत उतरवतो,
बेळगावच्या ऑफिसात ती इंग्रजीत शिरतात.
आकडा तिन्हीकडं तोच राहतो
असं धरून चालायचं.

प्लॉटच्या चारी बाजूंना दोन-दोन ओळी जास्तीच्या असतात.
तेच बी, तीच पाभर, तीच खुरपणी.
त्या मोजायच्या नसतात.
कडेला ऊन जास्त लागतं, वारा जास्त लागतो,
शेजार एकाच बाजूला,
म्हणून त्यांचं उत्पन्न खरं धरत नाहीत.
डुकरं मात्र आधी तिथंच येतात.
जांबोटीला या वर्षी बांधाकडचा अर्धा फड
एका रात्रीत चावून टाकला,
आणि आतले बारा आकडे
सुखरूप राहिले.

मोनाप्पा म्हणाला, ‘ह्येचं काय लिहूलालास?’
काही नाही म्हटलं.
तो हसला आणि पडलेली धाटं
म्हशीपुढं ओढत नेली.

कापणी झाली की कडेची कणसं मजुरांची.
यंत्रात ओलावा बघायचा नाही, वजन नाही, चिठ्ठी नाही.
बसलिंगव्वानं ओटी भरून नेली,
चुलीत भाजली, मीठ-मिरची चोळून
एक मलाही दिलं. गोड होतं.
कुठल्या नंबरचं, ते कळायला मार्ग नव्हता.

निघताना बघितलं,
तिनं एक मोठं कणीस सालीची वेणी घालून
आढ्याला टांगलं होतं. बियाण्याला.
मी म्हटलं, हे संकरित आहे, आवा,
पुढच्या वर्षी असं येत नाही.

तिच्या मोडक्या मराठीत की माझ्या मोडक्या कानडीत,
आता आठवत नाही,
ती म्हणाली,
पुढचं वर्ष तरी
कुठं असंच येतंय.