टेप

मंगळवार. उपकेंद्राच्या ओट्यावर
साडेनऊलाच अकरा जोड चपला.
गावात हळद शिजतेय.
कढईची वाफ वाऱ्यावर इथवर येते,
रजिस्टरच्या पानांना तोच वास.

मी सांगते, दर वेळी तेच सांगते:
सात महिने होईस्तोवर महिन्यातून एकदा,
मग पंधरा दिवसांनी,
नववा लागला की दर आठवड्याला यायचं,
दुखत नसलं तरी यायचं.

"दुखत नाय तर कामून यावं, सिस्टर?"
दीक्षा विचारते. पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची.
बीपी वाढलं तर दुखत नाही, बाई.
रक्त उतरलं तरी दुखत नाही.
ती हसते. तिला वाटतं मी घाबरवते.

नखं बघून काही कळत नाही या दिवसांत,
सगळ्यांचीच पिवळी.
खालची पापणी ओढून बघते.
सेवंताची धुऊन धुऊन विटलेल्या पातळासारखी.
गोळ्या खाल्ल्या का? खाल्ल्या.
खरं सांग. मग नुसतीच खाली मान.

वजनकाटा दीड किलो कमी दाखवतो,
मी मनातल्या मनात मिळवते.
नौशादबी काट्यावर चप्पल काढत नाही,
म्हणते, तेवढंच वाढू द्या.

पडदा म्हणजे माझीच जुनी साडी.
खाटेवर चढायला स्टूल, त्याचा एक पाय आखूड,
खाली गोळ्यांचं रिकामं खोकं.
गुडघे दुमड. श्वास सोड.
टेपचं एक टोक खालच्या हाडावर,
दुसरं पिशवीच्या माथ्यावर.
अठ्ठावीस. तेहतीस. तीस.
जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर.
इतकं सरळ गणित
मला शाळेत कुणी दिलं नव्हतं.

मग मशीन.
आधी आईची धडधड, संथ.
जरा बाजूला सरकवलं की
पल्याडच्या शिवारात मळणीयंत्र सुरू व्हावं तसं
लांबून, भरभर.
एकशे चव्वेचाळीस.
त्या वेळी कुणीच बोलत नाही,
नौशादबीसुद्धा.

द्रौपदा आली नाही. माहेरी गेली म्हणे.
कुठलं माहेर? फोन बंद.
तिच्या ओळीपुढं पेन्सिलीनं एक खूण करून ठेवते.

दीड वाजता ओटा रिकामा.
मी टेप गुंडाळते. पंचफुला दारात,
हळदीच्या खळ्यावरून तशीच आलेली.
"तुमचं कवा, सिस्टर?"
माझं काय?
"मी कवाची बघायले," ती म्हणते,
आणि खण ओढून, चार्जरखालून
माझं कार्ड काढते.
शेवटची नोंद संक्रांतीच्या आधीची. सव्वीस आठवडे.
त्यानंतर आठ मंगळवार
मी दुसऱ्यांची पोटं मोजली.

"पडा."

पहिल्यांदाच या खाटेवर.
वर पत्र्याच्या कोपऱ्यात गांधीलमाशीचं घर आहे.
सहा वर्षं इथं आहे मी, मला माहीत नव्हतं.
सगळ्या बाया इथं पडून
ते बघत असतील, कुणी बोलली नाही.

नडगीवर तिचा अंगठा. दाबला, उचलला.
खळगी राहिली.
ती भरेस्तोवर मी आकडे मोजले,
सातापर्यंत.
बीपीचं मशीन तिनं दोनदा लावलं.
एकशे अडतीस, खाली अठ्ठ्याऐंशी.
दुसऱ्यांदा एकशे चाळीस.
"चढून आलेय ना स्टुलावर, म्हणून," मी म्हणाले.
ती काही म्हणाली नाही.

टेप लावली.
"एकतीस."
नीट धर.
"नीटच धरलीय. एकतीस हाय, सिस्टर."
आणि आकड्यावर तिच्या अंगठ्याचा
ओला पिवळा ठसा.

"उद्या सातच्या गाडीनं वसमतला जायचं, मोठ्या दवाखान्यात.
मी येते संगं."
मी म्हणाले, उद्या लसीकरण आहे.
मी म्हणाले, मला काही होत नाहीये,
डोकं दुखत नाही, डोळ्यांपुढं अंधारी नाही.

पंचफुलानं रजिस्टर पुढं ओढलं.
अकरा ओळींखाली नवी ओळ आखली,
पट्टी नव्हती म्हणून टेपच्या कडेनं.
पेनाचं टोपण दातांत धरून म्हणाली,
"पुरं नाव सांगा."