भ्रमिष्ट वेल

मे महिन्यात तोकुझो-सानांनी खत फेकलं.
जेवून परत गेले, आणि पुन्हा फेकलं.
रिकामी पोती दिसली तेव्हा मला कळलं,
तोवर नत्र मातीत उतरलेलं.

ज्वालामुखीच्या राखेची आमची ही जमीन,
अर्धपोटी ठेवली तरच रताळं देणारी.

जुलैत वेल गुडघाभर.
काळपट हिरवा, माजलेला,
बांध ओलांडून चहाच्या ओळीत घुसलेला.
"काय रान आलंय बघ, मित्सुए!"
मी हो म्हटलं.

अशा वेलाला इथं भ्रमिष्ट म्हणतात :
वर नुसती पानं,
मुळाशी काही धरत नाही.
मार्चमध्ये डॉक्टरांनी
कुठलासा लांबलचक शब्द वापरला होता.
परतीच्या बसमध्ये सासरे स्वतःच म्हणाले,
"म्हणजे, वेलासारखं."
आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

ऑक्टोबरात कुदळ घातली.
सुतळीसारखी मुळं, एखादं बोटाएवढं.
त्यांनी एक उचललं, अंगठ्यानं माती पुसली,
विचारलं,
"यंदा खत घालायचं राहिलं का गं?"

शेंडे खुडून मी मिसोत शिजवले.
दोन वाट्या खाल्ल्या त्यांनी,
तिसरी मागितली, पहिली म्हणून.

पुढच्या मेमध्ये नत्राचं पोतं कुलपात.
त्यांच्या हाती देईन
न्हाणीच्या चुलीतली टोपलीभर राख.
पालाश आहे तिच्यात.
दोनदा पडली
तरी रताळं रागावत नाही.