मध्यंतरानंतर

बर्डीच्या टॉकीजमध्ये एसी बंद.
पडद्यावर सोळा वर्षांची पोरं,
एकाच्याही हनुवटीवर पुटकुळी नाही.
रडतात, तरी केस विस्कटत नाहीत.
शेवटी सगळे समुद्राकडे पळतात
आणि मोठे होतात.

"काही दम नाही ना बे," निकेश म्हणाला.
मागच्या मे महिन्यात आम्हीही गेलो होतो
अंबाझरीला.
पळालो नाही. चपला तापल्या होत्या.

मग तर्री-पोह्याच्या गाडीवर
तळातले चणे चमच्यानं ढकलत
तो बोलला :
आयटीआयचा फॉर्म भरला.
कॉलेज नाही जमत आता.

मी म्हटलं, कांदा घे ना.

मागे संगीत वगैरे काही नव्हतं.
वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी कूलरचं पाणी
टपकत होतं माझ्या मानेवर
आणि मी सरकलो नाही.