रक्कम पाठवण्याचे कारण

गुरुवारी संध्याकाळी रुवीत
आमच्या एक्स्चेंजची रांग फुटपाथवर जाते.
काचेला भोक एवढंच, की हात मनगटापर्यंत यावा.
हात बघूनच ओळखतो मी आता:
हा सिमेंटचा, हा बेकरीतला,
हा आज पहिल्यांदाच पगार झालेला.

त्याच्या हाताला मत्रहच्या मासळीबाजारातल्या बर्फाच्या भेगा.
पंच्याऐंशी रियाल, दोनदा मोजलेले.
'भाई, तुम्ही मंडणगडकडचे ना? बोलण्यावरून वाटलात.
एवढा फॉर्म भरून द्या. चष्मा खोलीवर राहिला.'
चष्मा कुणाचाच खोलीवर राहिलेला नसतो.
मी फॉर्म ओढून घेतला.

पैसे कुणाला?
'बायकोला. सफुरा.'
आडनाव?
'परकार.'
पुढचं त्याने सांगायच्या आधी माझ्या हातानेच लिहिलं:
एस, ए, दोनदा एफ, दोनदा ओ…
शाळेत नाव घालताना गुरुजींनी केलेली चूक,
जी दहावीच्या दाखल्यावर गेली, मग रेशनकार्डावर, मग पासबुकावर,
आणि एका वहीच्या मागच्या पानावर
मीही तशीच, मुद्दाम, चाळीसेक वेळा.

'सगळे चुकतात हो इथे. मागल्या महिन्यात पैसे परत आले.
तुम्हाला कसं कळलं?'
अंदाज, म्हटलं.

मेहरूनचा एक पाय लहानपणापासून आखूड.
चार स्थळं चहा पिऊन गेलेली.
पाचव्याच्या बापाने बशी खाली ठेवली आणि विचारलं,
'मुलाचं कुठे ठरलंय का? आमचीही एक आहे.'
साटंलोटं. शब्द कुणी उच्चारला नाही.
अब्बा माझ्याकडे बघत नव्हते,
कपातल्या सायीकडे बघत होते.
मी म्हटलं, नाही. कुठेच नाही.

वेसवीच्या धक्क्यावर, फेरीबोट लागत असताना
सफुराने एवढंच विचारलं: मेहरूनला माहीत आहे?
नाही.
मग कधीच सांगू नकोस.
आणि उतरणाऱ्या मोटारसायकलींमधून वाट काढत
ती चढली.
बोटीचं लोखंडी फळकूट साखळीने वर जाताना
फार आवाज करतं. तेवढा एक आवाज
इथे क्रेनच्या खालून जाताना ऐकू येतो.

मेहरूनला आता तीन मुलगे.
फोनवर हसते, मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी कुणालातरी मारलेलं.
झकिया चांगली आहे.
हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय
की कधीतरी मधल्या एका वर्षी
ते खरं झालं. तारीख आठवत नाही.

'ती इथे असती तर तिनेच भरला असता,' तो सांगत होता,
'मोत्यासारखं अक्षर आहे तिचं.'
मोत्यासारखं नाही. डावीकडे कलतं,
वाऱ्यात वाळत घातल्यासारखं.
मी काही बोललो नाही.

रक्कम पाठवण्याचे कारण:
शिक्षण, औषधोपचार, बांधकाम, कुटुंब निर्वाह.
चार चौकटी.
यात काय लिहू? विचारलं मी.
दिवसात दोनशे वेळा न विचारता खूण करणारा मी.
'घरखर्च. दुसरं काय असणार?'
मागचा माणूस खाकरला.
मी खूण केली, जरा जोरात. खालच्या प्रतीवरही उमटली.

शटर ओढायच्या आधी माझा स्वतःचा फॉर्म.
झकिया. तीच शाखा. तीच चौकट.

सोमवारी फोनवर तिचा आवाज आला,
पंख्याच्या घरघरीसकट:
'पैसे मिळाले. बँकेत ही गर्दी!
परकारांची सून पुढे होती, चिठ्ठी भरायला तिने
माझं पेन घेतलं. तुम्ही आणलेलं ते निळं,
तुमच्या ऑफिसचं नाव असलेलं.
मी मागितलं तर नावाकडे बघत बसली.
मग म्हणाली, राहू दे ना गं माझ्याकडे,
बरं चालतंय.

येताना दुसरं आणा.'