रात्रपाळीची वही

वेल्सच्या किनाऱ्यावर, लँडिडनोत,
समुद्राचा आवाज थेट काउंटरपर्यंत येतो.
निरोप कुठवर पोचतो
ते मात्र सांगता येत नाही.

रात्री अकरा ते सकाळी सात मी बसते.
सातला ग्लेनिस येते, ओला कोट झटकते,
किल्ल्यांचा जुडगा घेते.
आमच्या दोघींमध्ये जेमतेम चार वाक्यं
आणि लाल पुठ्ठ्याची एक वही.

सहा नंबर: रेडिएटर रात्रभर ठोके देतो.
अकरा: बाईंना ऐकू येत नाही, दार वाजवू नका,
फोन करा, त्यांच्या फोनला दिवा आहे.
सतरा: लहान मुलगी, शेंगदाणा चालत नाही.
चालत नाही याच्याखाली तीन रेघा.
पहिल्या वर्षी मी एकच रेघ मारायचे.
मग एकदा अँब्युलन्स आली.

चादरी बदलणाऱ्या डोरोटाचं इंग्रजी
माझ्या इंग्रजीला हातवारे करत भेटतं.
खाली तळघरात, किचनमध्ये एमरिस.
तो वही वाचत नाही. का, ते आम्ही विचारत नाही.
कुणीतरी जिना उतरून त्याच्या कानावर घालायचं,
तेही त्यानं अंडी फोडायच्या आधी.
बावीस पायऱ्या.
कितीतरी गोष्टी त्या जिन्यातच बसून राहिल्यात.

मे महिन्यात मिस्टर एंटविसल आले, बोल्टनहून.
चौदा नंबर, समुद्राकडची. एकोणीस वर्षं तीच खोली.
गाडी चुकली म्हणून साडेअकराला पोचले.
बॅग एकच.
मी काही विचारलं नाही.
सही करता करता तेच म्हणाले, मार्चमध्ये.
मार्चमध्ये गेली.
मी म्हटलं, आय अ‍ॅम सॉरी.
बसमध्ये धक्का लागला तरी इथे हेच म्हणतात.

मग तेवीसचा फ्यूज उडाला.
मग लग्नाआधीची मजा करायला आलेल्या सहा मुली
जिन्यात गात बसल्या, एक ग्लास फुटला.
सात वाजले.
वहीत फ्यूज लिहिला, ग्लास लिहिला,
काचा कुठवर उडाल्या तेही लिहिलं.
मार्च लिहायचा राहिला.

नऊ वाजता खिडकीजवळच्या टेबलावर
दोन पानं मांडली गेली.
(पानं कसली, प्लेटाच. पण मी अजून पानंच मोजते.)
त्यांना किपर, तिला टोस्ट आणि डीकॅफ,
कारण ग्लेनिसला एकोणीस वर्षांचं सगळं तोंडपाठ,
आणि तिनं हसून, अगदी मनापासून विचारलं,
मॅडम उतरतायत ना?

तेव्हा मी घरी पडदे ओढून झोपले होते.

माझ्या भाषेत निरोप हा शब्द दोन कामं करतो.
कुणाला काही कळवायचं असतं तो निरोप,
दारापर्यंत जाऊन हात हलवायचा तोही निरोप.
ग्लेनिस त्या बाईंना दर वर्षी
टॅक्सीपर्यंत सोडायला जायची, चपला घालूनच.
तिला यातला एकही मिळाला नाही.

त्या रात्री मी तासभर आधी गेले.
ती घरी न जाता थांबली होती, नाक लाल.
लिहायचं होतंस गं, म्हणाली.
गं माझा, पण तो तिच्या आवाजात होता.
मी विचारलं, ते काय म्हणाले?
काही नाही. डीकॅफ पुढे ओढली, सगळी प्यायली.
म्हणाले, किती बेचव आहे ही,
कशी पीत होती कोण जाणे.

वही उघडली. चौदाच्या पुढे
डोरोटाची तिरकी अक्षरं, स्पेलिंग चुकलेलं:
उशी दोन. तो म्हणतो राहू दे.
त्याखाली मी लिहिलं: पान एक. टेबल तेच.
खुर्ची समुद्राकडे वळवा.

सकाळी, सातला पाच कमी असताना,
एप्रनला हात पुसत एमरिस वर आला,
बावीस पायऱ्या चढून, धापा टाकत.
वहीवर बोट ठेवलं त्यानं, पीठ लागलं पानाला.
वाचून दाखव, म्हणाला.