देखरेख

जुनिपर फ्लॅटच्या अग्निशमन केंद्रातून
बंब बाहेर काढून आम्ही फरशी धुतली,
खडूने रेघ मारली : कुत्री डावीकडे, मांजरं पेटीत.
शीतपेटीत साठ कुप्या, दोन ते आठ अंश.
सकाळचे नऊ. रांगेत एकतीस जीव,
आणि डॉक्टर हॉल्व्हर्सन नव्वद मैलांवर,
खांद्यापर्यंत हात एका गाईच्या आत.

कलम सांगतं : लस टोचताना
परवानाधारक पशुवैद्य त्याच इमारतीत हवा.
मी तंत्रज्ञ. माझंही प्रमाणपत्र आहे भिंतीवर,
एकोणीस वर्षांचं, कोपऱ्यात कॉफीचा डाग.
तर मी नखं कापली. वजनं केली.
कान हुंगले (बुरशीला शिळ्या पावाचा वास येतो).
गोचिड्या उपटून स्पिरिटात टाकल्या,
नावं लिहिली : बँडिट, मिस पर्ल, ट्रॅक्टर.
सुई तेवढी पेटीत.
"मायटे, दरवर्षी तूच तर टोचतेस ना?"
हो. हात हाच.
दारात उभी असायची ती सावली आज नाही.

एलेउतेरियो डोंगरावरून उतरला होता,
मूळचा पेरूचा, दुसऱ्याच्या मेंढ्या राखतो.
सोबत दोन पांढरी राखणी कुत्री, नुबे आणि तिचा लेक.
ओढ्यापाशी भरदुपारी त्यानं एक कोल्हा पाहिला होता,
तिरका तिरका चालणारा.
थांब म्हटलं. थांबला,
टोपी गुडघ्यावर, उन्हं फरशी ओलांडून जाईपर्यंत.
चार वाजता म्हणाला, मेंढ्या एकट्या आहेत.
एवढंच. तक्रार नाही.
मी त्याच्या हाती एक माहितीपत्रक दिलं,
इंग्रजीतलं.

साडेपाचला डॉक्टर आले.
बाह्या रक्ताने ताठ. वासरू जगलं, म्हणाले,
खुर्चीत टेकले, आणि टेकल्या टेकल्या झोपले.
तोंड उघडं, घोरणं बंबाच्या पंपासारखं.
मी पेटी उघडली,
उरलेल्या चौदा जणांना टोचलं.
कायदेशीर.
देखरेख म्हणतात हिला. यातली रेख मला पाठ आहे;
देख तेवढी खुर्चीत झोपलेली होती.

राजधानीत मला तीन मिनिटं मिळाली.
नव्या मसुद्यात एकच शब्द बदलायचा होता,
'प्रत्यक्ष'च्या जागी 'अप्रत्यक्ष'.
एका 'अ'साठी अकरा माणसं, अकरा पाण्याच्या बाटल्या.
मंडळाच्या श्रीमती ल्युडलो चष्म्यावरून म्हणाल्या,
"आणि लशीनंतर एखादं कुत्रं कोसळलं तर?"

खोटं बोलता आलं असतं.
पण मला डेझी आठवली, नऊ महिन्यांची बॉक्सर,
तेवढ्याच तीन मिनिटांत तोंडाचा भोपळा झालेली,
हिरड्या पांढऱ्याफटक.
औषध माझेच हात भरत होते.
किती, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं,
चहात साखर किती सांगावी तसं.
डेझी अजून आहे, म्हातारी झाली, पलंगावर चढता येत नाही.
हे सगळं सांगितलं मी.
आमच्या संघटनेचा माणूस कपाळाला हात लावून बसला.

मग म्हटलं : मात्रा कागदावर लिहून द्या.
फोनच्या पलीकडे कुणीतरी जागं असू द्या.
माझी परीक्षा घ्या, दरवर्षी घ्या.
पण भरलेली पेटी समोर असताना
माणसाला रिकामं डोंगर चढायला लावायचं काम
माझ्याकडे देऊ नका.
घंटी वाजली. वाक्य झालं होतं की नव्हतं, आठवत नाही.

निर्णय पुढच्या बैठकीत.

नोंदवहीत दोन ओळी अजून तशाच :
नुबे, पांढरी, मादी, सहा वर्षं.
नाव नाही, पांढरा, नर, दीड.
तारखेच्या रकान्यात मी पेन्सिलीने लिहिलंय
'ऑक्टोबर', आणि पुढे प्रश्नचिन्ह.
वर कधीकधी सप्टेंबरातच बर्फ पडतो.